करवतीचं दुसरं टोक

तानूबाई पहिल्यांदा आमच्या दारात आली ती बंबाची लाकडं करून द्यायला. धारवाडच्या मळमड्डीत तेव्हा बऱ्याच घरी आंघोळीचं पाणी बंबातच तापायचं. गेटबाहेर ट्रॅक्टरनं ओंडके टाकून दिले होते आणि ते कापायला अळणावरकडच्या खेड्यातून हे जोडपं आलं होतं. नवरा सटवाजी, उंच, हाडकुळा, डोक्याला टॉवेल. मागून ही, त्याच्या खांद्याला लागेल एवढी, हातात कापडी पिशवी. मी तिला सहज म्हटलं, "ते कापतील तशी तू रचत जा गं, त्या पत्र्याखाली."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि हसून म्हणाली, "रचायला तुमच्याकडं कोण हाय का बघा, अक्का. मी करवत धरायला आलोय."

त्या बाजूच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मला ते सवयीचं होतं. सवयीची नव्हती ती त्यांची करवत. माझ्या उंचीएवढं लांब पातं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. दोघं ओंडक्याच्या दोन बाजूंना एक गुडघा टेकून बसली आणि पुढचे चार तास त्या करवतीनं एकच सूर धरला. मध्ये मी चहा घेऊन गेले तर ती दोघं करवत चालवता चालवता कुणाच्यातरी लग्नातल्या जेवणावरून वाद घालत होती. ओंडके त्या वादाच्या ओघात कापले जात होते.

त्या दिवशी पत्र्याखाली लाकडं मीच रचली.

नंतर बंब गेला, गीझर आला, पण तानूबाई येत राहिली. कुणाच्या आवारातलं झाड काढायचं असलं की आमच्या गल्लीत तिलाच निरोप जायचा. काम झाल्यावर ती आमच्या मागच्या पायरीवर बसून चहा प्यायची आणि बोलायची. असं तुकड्यातुकड्यांनी तिचं आयुष्य मला कळत गेलं.

सटवाजीची करवत आधी त्याच्या थोरल्या भावाबरोबर चालायची. सटवाजीच्या लग्नाला दीड महिना झाला आणि तो भाऊ गोव्याला कामाला निघून गेला. करवतीला टोकं दोन, माणूस एक. सासू नव्या सुनेला म्हणाली, "दोन दिस धर गं, मग कोण तरी बघू."

"ते दोन दिस अजून चालूच हाईत, अक्का," तानूबाई सांगायची. "एकतीस वर्सं झाली."

पहिल्या आठवड्यात तिच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. सटवाजी शिकवायचा असं नाही, ओरडायचा. ढकलू नको. आपल्याकडं ओढायचं आणि सोडून द्यायचं. समोरचा ओढतो तेव्हा नुसता हात लावून जायचं. जो ढकलतो त्याच्यामुळं पातं वाकतं आणि दोघंही दमतात. ही गोष्ट अंगात मुरायला तिला एक पावसाळा लागला. मुरल्यावर मात्र तिला करवतीतून नवऱ्याच्या मनातलं सगळं कळायला लागलं. त्याला भूक लागली, त्याचं डोकं दुखतंय, त्याला कालची शिवी आठवली, सगळं हाताला यायचं. उलटही व्हायचं. "भांडण झालं असलं की मी मुद्दाम हात जड ठेवायचो," ती म्हणाली होती. "बोलायला जायचंच न्हाई. दुपारपर्यंत मालकच म्हणायचे, बरं बाई, चुकलं, आता सोड."

करवतीचे दात घासायचं कामही तिचंच. सटवाजीला चाळिशी लागल्यापासून जवळचं धड दिसत नाही आणि चष्मा लावला तर त्यावर भुसा बसतो. ती मांडीवर पातं घेऊन, कानस धरून, एकेका दाताला धार लावत बसायची. डोळे बहुधा दुसरीकडेच असायचे. बोटानं कळतं म्हणायची.

मग लाकूड कापायचं मशीन आलं. एकदम आलं नाही. आधी वखारीत आलं, मग ठेकेदारांकडे, मग तिच्याच गावातल्या दोन पोरांकडे. फोनवरचा पहिला प्रश्न "कधी येता?" असायचा, तो "मशीन आहे का?" असा झाला. नाही म्हटलं की पलीकडून "बघतो" ऐकू यायचं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनीसुद्धा गेल्या वर्षी नारळाचं झाड काढायला मशीनवालाच बोलावला. तानूबाईला त्याचं फार लागलं. "त्यांच्या घरची सहा झाडं मी काढलीत," ती म्हणाली, "आणि सातव्याला मी म्हातारी झालो व्हय?"

दिवाळीनंतर अळणावरजवळ एका मोठ्या मळ्यातली अकेशियाची लागवड तोडायची होती. ठेका धारवाडच्या गुरुप्रसादकडे. चार महिन्यांचं काम. गुरुप्रसाद सटवाजीला पूर्वीपासून ओळखायचा. त्यानं निरोप पाठवला, मशीन घेऊन आलास तर तुला घेतो.

सटवाजीनं दोन वर्षांची शिल्लक बाहेर काढली. तानूबाईनं मला फोन केला. "अक्का, हुबळीला मशीन घ्यायला जायचं हाय. दुकानवाला एक पुस्तक देतो म्हणे, ते वाचायला कोण पायजे. तुम्ही येता?"

मला तसंही हुबळीला जायचं होतं. माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. लॅमिंग्टन रोडवरून आत वळल्यावर शेतीच्या यंत्रांचं एक दुकान आहे. पंप, फवारे, गवत कापायची यंत्रं, आणि मागच्या भिंतीवर ओळीनं चेनसॉ टांगलेले. काउंटरवर राजू नावाचा तिशीतला माणूस. दिवसातून दहा शेतकऱ्यांना तेच तेच सांगून त्याचा आवाज रेडिओसारखा झाला होता.

सटवाजी सरळ जाऊन सगळ्यांत मोठ्या मशीनखाली उभा राहिला. जसं लहान मूल जत्रेत टांगलेल्या पिपाणीखाली उभं राहतं.

"हेच द्या," तो म्हणाला.

"मामा, कुठलं लाकूड?" राजूनं विचारलं.

"सगळंच लाकूड."

"अकेशिया," मागून तानूबाई म्हणाली. "दीड वीत, दोन वीत जाड. त्याच्यापेक्षा जाड एखादंच."

"दिवसाला किती तास?"

"सात-आठ."

"मग मामा, ते कशाला घेता? ते मोठ्या बुंध्याला. सागवान, आंबा. तुम्हाला अठरा इंची पातं रग्गड झालं. हे मधलं घ्या." राजूनं दुसरं मशीन काढून काउंटरवर ठेवलं.

सटवाजीचा चेहरा उतरला. "ते लहान दिसतंय."

"लहान न्हाई ओ, मधलं."

"गावात दोघांकडं ह्याच्यापेक्षा मोठं हाय."

तानूबाई पुढं झाली. "राजू, तू ते मोठं ह्यांच्या हातात दे. आणि अक्का, तुम्ही ते पुस्तक वाचा. मोठ्यानं. पहिल्या पानापासून."

सटवाजीला तिनं झाड कापताना बसतात तसं वाकून, मशीन गुडघ्याच्या उंचीवर धरायला लावलं. मी वाचायला लागले. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावे. साखळीचे तेल वेगळे भरावे. पात्याच्या टोकाने कधीही कापू नये, मशीन उसळून अंगावर येऊ शकते. पुढची पट्टी म्हणजे ब्रेक, ती कशासाठी आहे. दुसरं पान उलटायच्या आत सटवाजीचे हात थरथरायला लागले. तिसऱ्या पानावर मशीनचं टोक फरशीला टेकलं.

"हे अक्कांनी पाच मिनिटं वाचलं," तानूबाई म्हणाली. "तुम्हाला आठ तास धरायचं हाय."

"अज्जी बरोबर सांगतात मामा," राजू म्हणाला.

"अज्जी असंल तुझ्या घरी," तानूबाई त्याच्याकडं न बघताच म्हणाली. राजू लगेच 'अक्का'वर आला.

एक बॅटरीवर चालणारं मशीनही होतं. राजूनं ते सुरू करून दाखवलं. मिक्सरएवढासुद्धा आवाज नाही. तानूबाई त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. "हे चालू असताना बोललेलं ऐकू येतं," ती म्हणाली. पण बॅटरी तासाभराची, आणि मळ्यात करंट कुठला? तिनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि सोडून दिलं. एका कोपऱ्यात नाव नसलेली स्वस्त मशीनंही होती. त्यांचं सुटं सामान कुठं मिळतं विचारल्यावर राजू खरं बोलला, "अक्का, त्यातलं एखादं बिघडलं की दुसरं घ्यायचं." तीही गेली.

मधलं मशीन ठरलं. राजूनं साखळीला धार कशी लावायची ते दाखवायला सुरुवात केली. गोल कानस, सगळ्या दातांना सारखे हात, एका बाजूचे आधी, मग दुसऱ्या बाजूचे. तो सटवाजीला दाखवत होता. सटवाजी मान डोलावत होता आणि त्याला काहीही दिसत नव्हतं, हे त्याला, मला आणि तानूबाईला माहीत होतं. तिनं राजूच्या हातातून साखळी आपल्याकडं ओढली आणि अंगठा फिरवला.

"हा दात. आणि हा पुढं बुटका हाय तो? त्याला धार न्हाई."

"त्याला हात लावायचा नाही," राजू म्हणाला. "दातानं किती लाकूड खायचं ते तो ठरवतो. तो झिजवलात तर दात भसाभसा खातो आणि मशीन झटके देतं."

"म्हणजे सासू," तानूबाई म्हणाली. "ताटापुढं बसलेली."

राजू एवढा हसला की आतून मालक बघायला आले. त्यानं पावतीचं पुस्तक उघडलं. "नाव सांगा. चालवणार कोण? दोघं आळीपाळीनं?"

"मी एकटाच," सटवाजी म्हणाला. "गुरुप्रसादनं सांगितलंय. मशीनला एक माणूस. हिला आता आराम."

हे तो फार मायेनं म्हणाला. कुणाला तरी लुगडं आणल्यासारखं. तानूबाईचा अंगठा साखळीवर थांबला.

परत येताना दोघं मागं बसली. मशीनचं खोकं मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये. उणकलचं तळं मागं पडल्यावर तानूबाईनं तोंड उघडलं.

"आराम कुणी मागितला?"

"तुझे गुडघे दुखत्यात न्हवं," सटवाजी म्हणाला. "रात्री तेल चोळतीस."

"तुमचे न्हाई दुखत?"

"माझं वेगळं."

"काय वेगळं? मी विचारलं होतं गुरुप्रसादला. मला कुठं घेणार म्हटलं. म्हणाला, तानव्वा, फांद्या गोळा करायला बायका आहेत, त्यात या." ती खिडकीबाहेर बघत होती. "फांद्या गोळा करणं वाईट न्हाई. करतात बिचाऱ्या. पण मी तोडणारी हाय ओ. एकतीस वर्सं तुमच्यासमोर बसून तोडलंय. आता तुम्ही मशीनवर आणि मी तुमच्या मागनं काटक्या येचत हिंडू?"

"म्हणून तर म्हणतो, घरी बस."

"घरी बसून काय करू? तुमचा फोटो लावून पुजू?"

मी आरशात बघितलं. सटवाजी खरोखर गोंधळला होता. त्याला वाटत होतं, बायकोला आपण कष्टातून सोडवलं, आणि ती रागावली का, हे त्याला समजत नव्हतं. मला मध्ये बोलायचं नव्हतं, पण गाडी चालवणाऱ्याला काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हटलं, "आमच्या आवारातला सिल्व्हर ओक वाळलाय. महानगरपालिकेची परवानगी आलीये. तोच पहिला काढा."

सटवाजीनं लगेच होकार दिला. गुरुप्रसादलाही त्याचा मशीनवरचा हात बघायचाच होता. तोही येईल म्हणाला.

मधल्या आठ-दहा दिवसांत सटवाजीनं आपल्या घरामागं एक आडवा ओंडका ठेवून सराव केला. त्याचं वर्णन तानूबाईनं मला फोनवर केलं. मशीन सुरू केलं, लाकडाला लावलं, आणि सटवाजी ते पुढं-मागं, पुढं-मागं ओढायला लागला. साखळी आपलीआप फिरतीये, नुसतं धरायचं, हे त्याला कळत होतं. हातांना कळत नव्हतं. ओढायचं आणि सोडायचं, एवढंच त्यांना येत होतं. "बघायला सगळी गल्ली जमली," ती म्हणाली. "मी म्हटलं, ओ, समोर कोण न्हाई. कुणाला सोडताय?" आणि ती हसली, पण ते हसू लवकर संपलं.

ठरल्या दिवशी सकाळी दोघं आली. सटवाजीनं जाळीचं हेल्मेट घातलं होतं, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या. तानूबाईकडे नेहमीची कापडी पिशवी.

"फांद्या उचलायला आलोय," ती मला म्हणाली, सटवाजीला ऐकू जाईल अशा बेतानं.

गुरुप्रसाद स्कूटरवरून आला आणि गेटबाहेरच स्कूटरवर बसून राहिला. पन्नाशीचा, गोरा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "चलू दे, चलू दे," म्हणाला.

झाड फार मोठं नव्हतं, पण जागा अडचणीची. मागं शेजाऱ्यांची भिंत, बाजूला विजेची तार, आणि पुढं गेटच्या दिशेला तेवढी मोकळी पट्टी. झाड त्या पट्टीत पडायला हवं होतं, आणि ते किंचित कललं होतं नेमकं उलट, भिंतीकडं. सटवाजीनं ते बघितलं. फांद्या आधीच दोर लावून उतरवल्या होत्या. त्यानं पट्टीच्या बाजूला तिरकी खाच घेतली, फार सुरेख, केकचा तुकडा काढावा तशी. गुरुप्रसादनं मान हलवली. मग सटवाजी मागच्या बाजूनं आला आणि कापायला लागला.

मशीनचा आवाज माझ्या दातांत बसला. भुसा उडत होता. सुरुवातीला तो पुढं-मागं ओढत नव्हता, हात आवरून धरले होते. मी तानूबाईकडं बघितलं. ती बुंध्याकडं बघत नव्हती, शेंड्याकडं बघत होती. मग एकदम कापाच्या फटीकडं. मग पुन्हा शेंड्याकडं. तिचं तोंड उघडलं, "ओ!" असं ती ओरडली असावी. मला दोन पावलांवर ऐकू आलं नाही, त्याला कुठलं येणार. ती पुन्हा ओरडली. चालू मशीनवाल्याला मागून जाऊन हात लावायचा नसतो, हे पुस्तकात मीच वाचलं होतं आणि तिनं ऐकलं होतं. तिनं पायातली चप्पल काढली आणि फेकली.

चप्पल सटवाजीच्या नाकासमोर बुंध्यावर आपटली. तो दचकला, बोट सुटलं, मशीन मंदावलं. पण उशीर झाला होता. झाड आपल्या वजनानं मागं बसलं आणि पातं फटीत घट्ट धरलं गेलं. सटवाजीनं ओढलं. हललं नाही.

त्यानं मशीन बंद केलं. मग गुरुप्रसाद हसायला लागला. "सटवाजी, चप्पल खाल्लीस की रे! ठेकेदारासमोर!"

सटवाजीनं कानटोप्या काढल्या. चेहरा काळानिळा. "काय चाललंय तुझं?"

"हाका मारल्या. ऐकू येत न्हाई म्हटल्यावर काय करू, पत्र घालू?"

"चप्पल मारतात व्हय नवऱ्याला?"

"झाडाला मारली. फट मिटत होती, ओ! पाचर कुठं हाय?"

सटवाजीनं बुंध्याकडं बघितलं. मग आपल्या हातांकडं. झाड उलट कललेलं असलं की काप थोडा आत गेल्यावर मागच्या फटीत पाचर ठोकायची, म्हणजे फट मिटत नाही आणि झाड पुढं ढकललं जातं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण एकतीस वर्षं पाचर तानूबाईनं मारली होती. तो ओढत असायचा, एका क्षणी करवत आपोआप थांबायची, ठक ठक आवाज यायचा, आणि करवत पुन्हा सुरू व्हायची. त्याच्या दिवसात ती गोष्ट त्याच्याबाहेर घडत आलेली होती. आज ती घडली नाही आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

तानूबाईनं पिशवी उघडली. तीन बाभळीच्या पाचरी आणि एक छोटा घण. फांद्या उचलायला आलेल्या बाईच्या पिशवीत. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, अशी ती बुंध्याशी गेली, फटीत पात्याच्या मागं एक पाचर बसवली आणि ठोकायला लागली. दर ठोक्यानंतर ती वर बघायची. आठ-नऊ ठोक्यांनी फट बोटभर उघडली. सटवाजीनं मशीन सोडवून घेतलं. पात्याला काही झालं नव्हतं.

"आता असं करा," ती म्हणाली, चप्पल पायात घालत. "अक्का, तुमची पेरू काढायची काठी द्या. मी मागं उभी ऱ्हातो, काठीभर लांब. खांद्यावर एकदा मारलं की चालू ऱ्हावा. दोनदा मारलं की बंद करून मागं सरायचं. विचारायचं न्हाई का म्हणून."

"मला वर दिसतं की," सटवाजी म्हणाला.

"काय दिसतं? जाळी हाय डोळ्यापुढं."

सटवाजीनं गुरुप्रसादकडं एकदा बघितलं. मग कानटोप्या चढवल्या.

पुढचं मी पायरीवर उभी राहून बघितलं. तो चार बोटं कापायचा. काठी दोनदा पडायची. तो थांबायचा, मशीन घेऊन बाजूला व्हायचा. ती पुढं येऊन पाचर ठोकायची, वर बघायची, मागं जायची. काठी एकदा पडायची. तो पुन्हा सुरू. तिसऱ्या खेपेला तिनं काठी दोनदा मारली तेव्हा मला वाटलं, अजून बरंच कापायचं बाकी आहे. त्यालाही तसंच वाटलं असणार, त्याची मान अर्धी वळली होती. पण तो थांबला आणि सरला. खाच आणि काप यांच्यामध्ये दोन बोटं लाकूड उरलं होतं, दाराच्या बिजागरीसारखं. तानूबाईनं दुसरी पाचर लावली आणि घण उचलला. पाचव्या ठोक्याला आतून कुरकुर ऐकू आली. ती घण टाकून, लुगडं धरून, तिरकी मागं पळाली. झाड क्षणभर विचार केल्यासारखं उभं राहिलं आणि मोकळ्या पट्टीत सरळ पडलं. गेटच्या खांबावरची कुंडीसुद्धा हलली नाही.

गुरुप्रसाद स्कूटरवरून उतरला. बुंध्याजवळ जाऊन त्यानं काप बघितला, बोट फिरवलं. "छान. सोमवारी ये," तो सटवाजीला म्हणाला. "एकटा ये. मशीन घेऊन."

तानूबाई पाचरी पुसून पिशवीत टाकत होती. ती वर बघत नव्हती. गुरुप्रसादला ती एकटी बोलली असती तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं, हे तिला माहीत होतं. हे सटवाजीनंच बोलायला पाहिजे होतं, आणि तो अजून चपलेच्या रागात होता.

सटवाजीनं हेल्मेट काढलं. डोक्यावरचा टॉवेल सोडून तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं.

"पाचर कोण मारणार?" तो म्हणाला.

"तूच. अजून कोण?"

"मला येत न्हाई."

गुरुप्रसादला वाटलं तो थट्टा करतोय. "काय येत नाही? अळणावरपासून हल्याळपर्यंत तुझं नाव आहे."

"हाय. पण पाचर कधी मारली न्हाई मी. वर शेंडा बघून कधी थांबायचं तेही हिलाच कळतं. मला वाटलं होतं मला कळतं." त्यानं बुंध्याकडं हात केला. "आत्ता बघितलंस की तू. दात घासायलापण मला दिसत न्हाई. दोन दिवसांत धार जाईल, मग मी काय दातांनी तोडू?"

"अरे, मशीनला एकच माणूस. सगळीकडे तसंच आहे."

"मशीनला एकच," सटवाजी म्हणाला. "पण मी झाडं तोडतो ती हिच्याबरोबर. न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे. दुसरं बघतो."

तानूबाईच्या हातातली पाचर पिशवीच्या तोंडाशीच राहिली. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की मी स्वयंपाकघरात चहा टाकायला निघून गेले. काही गोष्टी शेजारी उभं राहून बघायच्या नसतात.

चहा घेऊन बाहेर आले तर वाद संपला होता की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण मशीन पुन्हा सुरू झालं होतं. दोघं पडलेल्या खोडावर कामाला लागली होती. ती काठीनं खोडावर जागा दाखवायची, तो तिथं कापायचा. एकदा तिनं त्याला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला नेलं, खोड लोळलं असतं तर ते त्याच्याच पायावर आलं असतं. तो निमूट गेला. गुरुप्रसाद त्यांच्यापासून दहा हातांवर उभा राहून काहीतरी ओरडून सांगत होता. दोघांपैकी एकालाही ऐकू येत नव्हतं. थोडा वेळ हातवारे करून तो कंटाळला आणि माझ्याकडं आला.

चहाचा कप उचलून तो म्हणाला, "अक्का, त्यांना सांगा, सोमवारी सकाळी सहाला मळ्यावर. दोघांनी. पहिले दहा दिवस बघतो. मशीन एकदा जरी अडकलं तर मग माझं ऐकायचं." चहा संपवून त्यानं स्कूटर काढली.

मशीन बंद झाल्यावर मी तानूबाईला निरोप सांगितला. तिनं कपाळावरचा भुसा पदरानं पुसला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान हसेल.

"सहाला?" ती म्हणाली. "सहाला आमच्या गावातनं यष्टी कुठली? पहिली साडेसहाला हाय. त्याला फोन करा, अक्का. सातला येतो म्हणावं."